चौथा बोअर घ्यायचा की नाही: मोसंबीच्या एका बागेचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही आकडे बदलले आहेत. हिशेबाचा सांगाडा आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

जालना जिल्ह्यातले कुटुंब. वडील (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात), थोरला मुलगा शेती बघणारा, धाकटा तालुक्याच्या गावी नोकरीला. चार एकर मोसंबी, सहा बाय सहा मीटरवर लावलेली, म्हणजे जवळपास 450 झाडे. झाडांचे वय आठ वर्षे, ऐन उत्पन्नाचा काळ. ठिबक आहे. पाण्याचा आधार एकच, 55 फूट खोल विहीर. चांगल्या पावसाच्या वर्षी ती मेपर्यंत साथ देते. त्या वर्षी पाऊस सप्टेंबरातच आटोपला आणि संक्रांतीला विहिरीत दोन परस (एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी खोली) पाणी उरले.

मराठवाड्यातल्या मोसंबी उत्पादकाला 2012-13 चा दुष्काळ वेगळा सांगावा लागत नाही. त्या उन्हाळ्यात उभ्या बागा वाळल्या आणि लोकांनी झाडे तोडून सरपण केले. सोयाबीन गेले तर एक हंगाम जातो. मोसंबी गेली तर नवी बाग फळाला येईपर्यंत पाच वर्षे जातात. या भीतीपोटीच पुढचे सगळे घडले, आणि ती भीती खोटी नव्हती.

जानेवारी ते मार्चचा पहिला आठवडा एवढ्या काळात या कुटुंबाने तीन बोअर घेतले. दर पहिल्या 300 फुटांना फुटामागे 85 रुपये, 300 ते 400 ला 95, 400 ते 500 ला 110, त्यापुढे 130. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप) प्रत्येकी 30 फूट, 350 रुपये फुटाने.

पहिला 280 फूट: 34,300 रुपये. कोरडा.
दुसरा 340 फूट: 39,800 रुपये. पाव इंच पाणी (इंच हे बोअरमधून येणाऱ्या धारेचे माप), अर्ध्या तासात बंद.
तिसरा 420 फूट: 47,700 रुपये. कोरडा.

एकूण 1,21,800 रुपये जमिनीत गेले. तिन्ही जागा पाणाड्याने, म्हणजे हातात नारळ धरून जमिनीखालचे पाणी सांगणाऱ्याने, दाखवलेल्या होत्या.

अडचण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घरात रोख उरली 1,80,000 रुपये. त्यातला मोठा भाग दागिने तारण ठेवून काढलेला. विहीर महिनाअखेर आटणार हे दिसत होते. मराठवाड्यात पाऊस जूनच्या मध्यावर येतो असे धरले, तर 28 मार्च ते 20 जून असे 85 दिवस बाग जगवायची होती.

थोरल्याचे म्हणणे ठाम होते: चौथा बोअर, या वेळी 600 फूट. बोअरच्या गाडीवाल्याचा एजंट दारात बसून होता. "तीन गेले म्हणजे चौथा लागणारच, चारात एक तरी लागतोच," हे त्याचे वाक्य घरात दोन दिवस फिरत होते. अण्णा गप्प होते, पण कल तिकडेच होता.

अंदाज कुठे बिघडत होता

बोअरला पाणी लागण्याची शक्यता किती, असे विचारल्यावर थोरला म्हणाला, "निम्मी तरी." हा आकडा आला कुठून, ते नीट उलगडून पाहिले पाहिजे, कारण हाच आकडा गावोगावी लोकांच्या मनात असतो.

पहिला उगम आठवणीचा. शेजारच्या गटात दोन वर्षांपूर्वी एका बोअरला तीन इंच पाणी लागले होते. कॉम्प्रेसरच्या दाबाने पाण्याचा लोट वीस फूट उडाला, त्याचा व्हिडिओ अजून लोकांच्या मोबाईलमध्ये आहे, पेढे वाटले गेले. कोरड्या बोअरचा व्हिडिओ कोणी काढत नाही. गाडी रात्रीच निघून जाते, तोंडावर दगड ठेवला जातो, आणि मालक चारचौघांत त्याचा विषय काढत नाही. त्यामुळे मनात जमा होतात ते लागलेले बोअर. जे चटकन आठवते ते वारंवार घडते असे मन धरून चालते. आमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात या सवयीचा पद्धतशीर अभ्यास मांडला. गावच्या पारावर ती कोणालाही रोज दिसेल.

दुसरा उगम एजंटच्या वाक्यात. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणून ते अधिक फसवे. समजा एका बोअरला पाणी लागण्याची शक्यता 17 टक्के आहे (हा आकडा कुठून आला ते पुढे मोजणीत येते) आणि प्रत्येक बोअर स्वतंत्र आहे. मग सुरुवात करण्यापूर्वी "चारपैकी निदान एक लागेल" याची शक्यता येते साधारण 53 टक्के. पण हे गणित पहिला बोअर घेण्याआधीचे. तीन कोरडे गेल्यावर चौथ्याची शक्यता पुन्हा 17 टक्केच उरते. आधीच्या अपयशाची भरपाई करण्याची खडकावर काही जबाबदारी नसते. उलट एकाच चार एकरांत, एकाच थराच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडात, तीन छिद्रे कोरडी निघाली, तर या जमिनीखाली पाणी धरणाऱ्या भेगा कमी आहेत अशीच ती खूण आहे. म्हणजे चौथ्याचा अंदाज 17 च्या खाली यायला हवा होता. घरात मात्र तो वर चढला होता.

तिसरा उगम तिसऱ्या बोअरच्या रात्रीचा. 390 फुटांवर, रात्री अकराच्या सुमारास, बोअरमधून उडणारा कोरडा पांढुरका भुगा अचानक तांबूस आणि ओलसर झाला. थोरल्याने तो मुठीत दाबला, गोळा झाला. तिथून पुढचे तीस फूट त्या मुठीतल्या गोळ्याच्या जोरावर घेतले गेले. पाणी आले नाही, पण "हाताशी आले होते" ही भावना राहिली आणि 600 फुटांचा हट्ट तिच्यातून आला. प्रत्यक्षात आपल्याकडच्या काळ्या दगडात लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा अनेक ठिकाणी असतो. ही माती चिकण असते. ओल धरते, पण सोडत नाही. तिच्या ओलीवरून खाली पाणी आहे असे म्हणता येत नाही. थोडक्यात हुकणे आणि साफ हुकणे यांत पुढच्या बोअरच्या दृष्टीने काही फरक नव्हता.

चौथी गोष्ट गेलेल्या पैशांची. "सव्वा लाख घातले, आता मागे फिरायचे?" हे वाक्य अण्णांचे. सव्वा लाख दोन्ही वाटांवर गेलेलेच आहेत. चौथा बोअर घेतला तरी ते परत येत नाहीत, न घेतला तरी नाहीत.

आणि पाणाड्या. त्याच्या हातातला नारळ उभा राहिला त्या तीन जागा कोरड्या गेल्या, तरी घरात त्याच्यावरचा विश्वास फारसा उतरला नव्हता, कारण त्याने शेजाऱ्याचा तीन इंची बोअर दाखवला होता. त्याने एकूण किती जागा दाखवल्या हे कोणालाच माहीत नव्हते. लागलेले मोजायचे आणि न लागलेले सोडून द्यायचे, तर कोणताही पाणाड्या यशस्वीच ठरेल.

मोजणी

प्रकरण वळले ते धाकट्याने केलेल्या एका साध्या कामामुळे. तो शनिवारी गावी आला, वाद न घालता वही घेतली आणि दोन दिवस शिवारात फिरला. बागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत गेल्या सहा वर्षांत घेतलेला प्रत्येक बोअर त्याने लिहून काढला. रकाने पाच: कोणाचा, किती फूट, पाणी किती फुटांवर लागले, कधी घेतला, आणि गेल्या एप्रिलच्या शेवटी रोज किती तास चालत होता.

शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "बोअर लागला का?" असे विचारले तर पावसाळ्यानंतर घेतलेला, दिवाळीपर्यंत चाललेला बोअरही "लागला" म्हणून सांगितला जातो. बागायतदाराला पाणी हवे असते एप्रिल-मेमध्ये. दुसरी काळजी म्हणजे कोरड्या बोअरचे मालक स्वतःहून सांगत नाहीत. त्यासाठी त्याने बांधाबांधाने फिरून केसिंगची तोंडे शोधली आणि मग मालकाकडे गेला. फक्त लोकांना विचारून केलेल्या पहिल्या यादीत 11 बोअर होते. बांध धुंडाळल्यावर ते 23 झाले.

23 पैकी एप्रिलमध्ये चालणारे 4. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत टिकून मग बसलेले 7. कोरडे किंवा नावापुरते पाणी असलेले 12. म्हणजे कामाचे 4, सुमारे 17 टक्के.

खोलीचा रकाना त्याहून बोलका निघाला. त्या चारही बोअरना पाणी 200 फुटांच्या आत लागले होते. 300 फुटांच्या खाली गेलेले बोअर नऊ, आणि त्यांतल्या एकालाही 300 च्या खाली नवे पाणी लागले नव्हते. हे खडकाच्या स्वभावाला धरूनच आहे. बेसाल्टमध्ये पाणी असते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, सच्छिद्र थरात आणि भेगांमध्ये. खाली जाऊ तसा वरचा भार वाढतो, भेगा मिटत जातात. काही ठिकाणी खोलवर भेग सापडते, पण त्यावर 600 फुटांचा बेत आखणे म्हणजे अपवादाला नियम मानणे.

वहीत नसलेली एक बाब इथेच सांगणे भाग आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 नुसार शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घेण्यास मनाई आहे. तिन्ही बोअर या मर्यादेबाहेर गेले होते. गाडीवाला हे सांगत नाही, कारण त्याचे बिल फुटांवर असते.

समोरचे पर्याय

पहिला, चौथा बोअर 600 फूट: 69,500 रुपये. लागला तर पाणबुडी मोटर, पाइप आणि केबलचे साधारण 90,000 वेगळे.

दुसरा, विहिरीत आडवे बोअर मारणे आणि गाळ काढणे. खर्च त्याहून कमी, पण शिवारातल्या सगळ्याच विहिरींची पातळी एकसारखी खाली गेलेली. झऱ्यालाच पाणी नाही तिथे आडवे बोअर आणणार काय? हा पर्याय लवकर बाजूला पडला आणि तो पडणे बरोबर होते.

तिसरा, सगळी 450 झाडे टँकरवर. पूर्ण वाढीच्या झाडाला मे महिन्यात रोज शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे दिवसाला 45,000 लिटर. अशक्य. फक्त जगवायचे म्हटले तर आच्छादन, फळे काढून टाकणे आणि हलकी छाटणी करून 32-33 लिटरवर भागते. तरी 450 झाडांना रोज दीड टँकर, 85 दिवसांचे सव्वादोन लाखांच्या पुढे. पैसे तेवढे नव्हते.

चौथा, 150 झाडे सोडून द्यायची आणि 300 जगवायची. रोज 10,000 लिटरचा एक टँकर, 1,800 रुपये. 85 दिवसांचे 1,53,000. आच्छादन व इतर 20,000. एकूण 1,73,000.

चौथ्या पर्यायाला घरात सर्वांत जास्त विरोध झाला, आणि कारण समजण्यासारखे आहे. त्यात 150 झाडांचे नुकसान आज, स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागते. बोअरमध्ये निदान एकही झाड न गमावण्याची आशा असते. समोर खात्रीचा तोटा उभा असेल तेव्हा माणूस तो टाळण्यासाठी एरवी कधी खेळला नसता असा डाव खेळतो. कानेमन आणि ट्वर्स्की यांच्या 1979 च्या मांडणीचा हा एक गाभा आहे.

निर्णयाचा क्षण

धाकट्याने टक्केवारीवर वाद घातला नाही, ते त्याचे शहाणपण. 17 टक्के म्हटले की ऐकणारा "मग आपण त्या सतरात असू" असेच ऐकतो. त्याने प्रश्न फिरवला: "दादा, बोअर कोरडा गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण काय करणार?"

उत्तर कागदावर मांडले. 1,80,000 मधून 69,500 गेले, उरले 1,10,500. आच्छादनाचे 20,000 वजा केले तर 90,500. म्हणजे 50 टँकर. 28 मार्चपासून 50 दिवस, मेच्या मध्यापर्यंत. त्यानंतर पाऊस येईपर्यंत महिनाभर, वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात, 300 झाडेही बिनपाण्याची. बोअर फसला तर नुकत्याच गेलेल्या सत्तर हजारांबरोबर अख्खी बाग जाणार होती.

दुसरा प्रश्न कृषी सहायकाने विचारला. "वहीतली नावे झाका. हे 23 बोअर दुसऱ्या गावातले आहेत असे समजा. तिथल्या माणसाने तुम्हाला विचारले, तर 600 फूट घ्या म्हणाल?" अण्णा म्हणाले, "नाही म्हणेन." एजंटला त्याच संध्याकाळी नकार कळवला.

प्रत्यक्ष काम

कोणती झाडे सोडायची हे ठरवायला चार दिवस गेले. उताराकडच्या मुरमाड कोपऱ्यातली आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागलेली झाडे सोडायला आधी घेतली. ठेवायच्या झाडांच्या खोडावर चुन्याचा पट्टा मारायचा ठरले. थोरल्याने दिवसा पट्टे मारले आणि दोनदा रात्री जाऊन वाढवले. 300 चे 340 झाले होते, ते पुन्हा 300 वर आणावे लागले. सोडलेल्या झाडांच्या ठिबकच्या नळ्या दुमडून बांधल्या, नाहीतर पाणी तिकडे गळतच राहते.

आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या हंगामाची) सुपारीएवढी झालेली सगळी फळे काढली. त्या हंगामाचे उत्पन्न शून्य, हे मान्य करून. सुकलेल्या आणि दाट फांद्यांची हलकी छाटणी, खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप), पानांवर केओलीन या पांढऱ्या मातीची 8 टक्के फवारणी (10 लिटर पाण्यात 800 ग्रॅम) म्हणजे बाष्पीभवन कमी होते. झाडांभोवतीच्या आळ्यांत सोयाबीनचे भुसकट आणि तुरीचा पालापाचोळा, चार-पाच इंच जाडीचा थर. खोडापासून वीतभर मोकळे ठेवून, नाहीतर बुंध्याला बुरशी आणि वाळवी लागते.

पाणी देण्याची पद्धत: प्रत्येक झाडाला 8 लिटरचे चार ड्रिपर, म्हणजे तासाला 32 लिटर. रोज एक तास सगळ्या बागेला देण्याऐवजी बागेचे दोन भाग केले आणि एकेका भागाला दिवसाआड दोन तास दिले. 150 झाडे, 64 लिटर, एकूण 9,600 लिटर. एक टँकर बरोबर पुरतो. रोज थोडे दिले तर वरची दोन-तीन इंच मातीच ओली होते आणि दुपारपर्यंत ती ओल उडते.

एक चूक इथे महागात पडली. पहिले सहा दिवस टँकर विहिरीत रिकामा केला. 10,000 लिटर ओतले की मोटरने सहा हजारांच्या आसपासच परत मिळायचे, बाकी तळाच्या भेगांत मुरायचे. सातव्या दिवशी विहिरीशेजारी चार बाय तीन मीटर, सव्वा मीटर खोल खड्डा घेतला, 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरला आणि वर शेडनेट टाकले.

निकाल

12 मेपासून टँकर 1,800 वरून 2,200 झाला. दर वाढेल हे कोणी धरलेच नव्हते. जूनच्या सुरुवातीला वळवाचे दोन पाऊस झाले आणि सहा टँकर वाचले. 79 टँकरचे 1,55,800 झाले, खड्डा आणि आच्छादन मिळून 29,000. एकूण 1,84,800, हातातल्या रकमेपेक्षा 4,800 जास्त. ते चुलत्यांकडून घेतले.

300 पैकी 271 झाडे जगली. सोडलेल्या 150 पैकी 38 पावसानंतर फुटली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मात्र एक गोष्ट घडली. चारशे मीटरवरच्या एका शेतकऱ्याने बोअर घेतला आणि त्याला 160 फुटांवर दोन इंच पाणी लागले. तो मेअखेरही चालू होता. थोरला त्या रात्री जेवला नाही. "आपणच घाबरलो," असे तो पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिला.

हा भाग टाळून प्रकरण सांगितले असते तर ते जास्त गुळगुळीत झाले असते, पण खरा कस इथेच आहे. शेजाऱ्याला पाणी लागल्याने या घराचा निर्णय चुकीचा ठरत नाही, तसाच वळवाने सहा टँकर वाचवल्याने तो बरोबरही ठरत नाही. निर्णयाच्या दिवशी हाती काय माहिती होती आणि फसल्यास काय उरत होते, एवढ्यावरच तो तोलायचा. धाकट्याने वहीत एक ओळ वाढवली: 24 पैकी 5, म्हणजे 21 टक्के. आणि खोलीच्या रकान्यात पुन्हा 200 फुटांच्या आतलाच आकडा पडला.

वेगळे काय करता आले असते

वही पहिल्या बोअरच्या आधी व्हायला हवी होती. दोन दिवसांचे काम, खर्च काही नाही. ती जानेवारीत झाली असती तर कदाचित एक बोअर घेतला गेला असता, 200 फुटांच्या आत. केसिंगसह साडेसत्तावीस हजारांत. वाचलेले 94,000 हातच्या 1,80,000 मध्ये मिळवून सगळी झाडे जगवण्याचा पर्याय जवळपास आवाक्यात आला असता. यादी करताना निदान पंधरा-वीस बोअर मिळावेत. पाच-सहा बोअरवरून काढलेली टक्केवारी एका बोअरने उलटी होते.

थांबण्याची मर्यादा गाडी येण्याआधी लिहून ठेवावी: किती बोअर, किती फूट, किती रुपये. रात्री अकरा वाजता, गाडी धडधडत असताना आणि मुठीत ओला भुगा असताना घेतलेला निर्णय नेहमी "अजून वीस फूट" असाच असतो. मर्यादेचा कागद अशा माणसाकडे द्यावा जो त्या वेळी बांधावर उभा नसेल.

जागा ठरवण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला आधी घेता आला असता. यंत्राने जमिनीची विद्युत रोधकता मोजून भेगांचा अंदाज येतो. त्यालाही मर्यादा आहे. रोधकता कमी आली तर ते पाणी असू शकते, तशीच ती तांबडी चिकण मातीही असू शकते. म्हणून यंत्रवाल्यालाही तोच प्रश्न विचारावा: या शिवारात तुम्ही किती जागा दाखवल्या, आणि एप्रिलमध्ये त्यांतल्या किती चालतात?

झाडे सोडण्याचा निर्णय मार्चच्या शेवटी झाला, तो फेब्रुवारीच्या शेवटी व्हायला हवा होता. मधल्या महिनाभरात विहिरीचे उरलेले पाणी 450 झाडांना अर्धपोटी वाटले गेले. त्यातले दीडशे झाडांचे पाणी वाया गेले आणि ठेवलेल्या तीनशेंपैकी दगावलेली 29 झाडे बहुतेक करून तिथेच खचली होती. टँकरचा दर ठरवताना मार्चचा भाव 85 दिवसांना लावण्याऐवजी मेसाठी किमान वीस टक्के वाढ धरावी, किंवा टँकरवाल्याशी मार्चमध्येच थोडी उचल देऊन जूनपर्यंतचा दर बांधून घ्यावा.